बेडीचा सीन

त्या रविवारी बाबांनी नेहमीप्रमाणे तो सिनेमा लावला आणि नेहमीप्रमाणे विनोद व्हायच्या आधीच हसायला सुरुवात केली.

"निदान विनोद होऊ तरी द्या," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तो होणारच आहे. मग थांबायचं कशाला?"

बाबा पोलिसांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. सगळ्या नोकरीत त्यांनी एकाही चोराचा पाठलाग केला नाही; साहेबांना घरून आणायचं आणि घरी सोडायचं. सिनेमातला जाडा हवालदार मात्र गल्लीबोळांतून, लाँड्रीतल्या ओल्या चादरींमधून धावत सुटतो, तोही चुकून आपल्याच इन्स्पेक्टरला स्वतःच्या मनगटाशी बेडी घालून. किल्ली हरवलेली. एकाला डावीकडे जायचं असतं, दुसऱ्याला उजवीकडे.

आमच्या कॅसेटमध्ये ऐन मोक्याला घोटाळा होता. चोर दोघांवर पिस्तूल रोखतो आणि तेवढ्यात पडद्यावर एक बाई अंडी फेटू लागते. आईने कधीतरी केकची कृती चुकून त्याच कॅसेटवर टेप केली होती. पुढे अख्खी प्रत मिळायला लागली, तेव्हा मी ती आणून दिली. बाबांनी एकदाच पाहिली. "ह्यात बाई नाही," म्हणाले आणि कपाटात ठेवून दिली. कारण बाई अंडी फेटायची तेवढ्या वेळात तो सीन आम्ही करायचो. बाबा हवालदार, आई चोर आणि मी इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टरला संवाद नाही. त्याने फक्त हात द्यायचा.

त्या रविवारीही बाबांनी माझं मनगट हातपुसण्याने आपल्या मनगटाशी बांधलं. माझ्या दुसऱ्या हातात कादंबरी होती. पान मी हनुवटीने उलटलं. आईने झारा रोखला. बाबांनी त्यांचं वाक्य म्हटलं आणि ठसका लागेपर्यंत स्वतःच हसले.

सोमवारी सकाळी ते बूट घालायला वाकले. पुन्हा उठले नाहीत.

भेटायला आलेल्या माणसांनी आमची बाहेरची खोली भरून गेली. बाबांचे जुने सोबती, सगळे ड्रायव्हरच, गुडघे जुळवून माना खाली घालून बसले होते. काका बोलत होते. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, निवृत्त हेडमास्तर. "वाचनाची गोडी नव्हती त्याला, पण मनाने सरळ. गंभीर, कर्तव्यदक्ष..."

गंभीर? हा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. मी उठले आणि कॅसेट लावली.

"हे काय?" काका म्हणाले.

"बाबांचा सिनेमा."

"अगं, घरातलं माणूस गेलंय, आणि हा पाचकळपणा? तू तरी शिकलीसवरलेली!"

"म्हणूनच सांगते, काका. पुष्कळ वाचलंय मी. साहेब आणि शिपाई एका बेडीत अडकले की कोण कुणाला ओढतं, हे इतकं सरळ मला कुठल्याही जाडजूड पुस्तकाने सांगितलं नाही. हसवत तर नाहीच नाही. बसा."

"बंद कर ते."

"नाही."

काकांना 'नाही' म्हणणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. बाबासुद्धा नाही. काका बसले. मी त्यांच्या शेजारीच बसले.

सुरुवातीला कुणी हसेना. लाँड्रीच्या सीनला एका ड्रायव्हरकाकांनी तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं, रडताहेत. मग त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले.

"तो असाच हसायचा बघ, लेकाचा. आधीच!" ते म्हणाले, आणि मग कुणालाच आवरेना.

चोराने पिस्तूल रोखलं. बाई अंडी फेटू लागली.

"बिघडली वाटतं," कुणीतरी म्हणालं.

कोपऱ्यातून आई उठली. हातातलं चष्म्याचं घर तिने आमच्यावर रोखलं. म्हणाली, "हात वर!"

मी काकांचं मनगट धरलं. त्यांनी हात ओढून पाहिला. मी सोडला नाही. हवालदाराचं वाक्य मी कधीच म्हटलं नव्हतं. ते बाबांचं होतं.

"कोणता?" मी मोठ्याने म्हटलं. "एक माझा आहे, एक साहेबांचा!"