पलीकडचं टोक

मधली फळी उठली.

महारुद्र पांचाळनं अलीकडच्या टोकाच्या शिकंज्याचा स्क्रू जरासा आवळला, तशी ती पलीकडच्या टोकाला नागानं फणा काढावा तशी वर आली. तो पळत तिकडं गेला, तळहातानं तिला खाली दाबलं, तर इकडचं टोक सरकलं. इकडं आला, तर तिकडचं पुन्हा वर. एकट्या माणसानं दोन खोडकर वासरं आवरावीत, तशी त्याची शेडभर पळापळ चालली होती. बघायला कुणी नव्हतं म्हणून बरं. असतं, तर तोच आधी हसला असता.

फळ्या सागवानी, रुंद आणि पुरुषभर उंचीपेक्षा लांब. सगळ्यांच्या कडा रंध्यानं अशा सरळ केलेल्या, की दोन फळ्या एकमेकींना टेकवल्या तर मधून उजेडसुद्धा जाऊ नये. त्या कडांना फेविकॉल लावून झालेलं. म्हणजे आता माघार नाही. हे काम लग्नासारखं. अक्षता पडल्यावर नवरी उंच आहे की बुटकी, याची चर्चा करत बसता येत नाही. सांधा ओला आहे तोवर फळ्या एका पातळीत बसवायच्या आणि आवळायच्या. नाही बसल्या, तर जन्मभर तशाच वाकड्या.

त्यात थंडीचं कोरडं वारं आणि कलतं ऊन थेट शेडमध्ये. महारुद्रनं सांध्यावर बोट फिरवलं. मघाशी दुधासारखा असलेला फेविकॉल आता सायीसारखा लागत होता.

टेबल होतं दत्तरावांचं. ताडकळसमधलं मोठं शेत, मोठं घर, मोठा आवाज. वडिलांच्या वेळचं माळवद पाडून त्यांनी यंदा स्लॅब टाकला, आणि माळवदाच्या जुन्या नाटा, छताच्या सागवानी तुळया, फळ्या कापून आणून महारुद्रच्या शेडमध्ये टाकल्या. संक्रांतीनंतर मुलाचा साखरपुडा. व्याही शहरातले, मांडी घालून बसणारे नव्हेत. सगळी पंगत एका टेबलावर बसली पाहिजे, असं टेबल हवं होतं.

सकाळी ते बघायला आले तेव्हा उभेच राहिले. महारुद्रनं स्टूल पुढं केलं, तर त्यांनी ते आधी उलटं करून पाहिलं. त्यांचंही चुकत नव्हतं. मागं एकदा ते याच शेडमध्ये चपला काढून गप्पा मारत बसले होते, आणि उठले तेव्हा चपला महारुद्रच्या फेविकॉलनं फरशीला घट्ट चिकटलेल्या. मालक अनवाणी घरी गेले होते आणि गावानं महिनाभर त्यांना विचारलं होतं, कोणता नवस बोललात म्हणून.

"एकट्याला जमल का रे?" दत्तरावांनी विचारलं.

"जमल की."

"न्हाई जमलं तर तसं सांग. परभणीला मशीनवर देतो. पर हे लाकूड बापाच्या हातचं हाय. पुन्हा भेटायचं न्हाई."

सरळ बोलले, त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. बायको, कमलबाई, गेल्यापासून महारुद्रच्या हातात काही राहिलं नाही, असं गावात बोललं जात होतं. वर्षभर त्यानं काय केलं होतं, तर कुदळीला दांडे बसवले, खाटांचे पाय बदलले, एकट्याच्या हातात मावेल तेवढंच. हे टेबल बिघडलं, तर दांड्यांवरच म्हातारपण जाणार होतं. मोठं काम पुन्हा कुणी दारात आणणार नव्हतं.

आता इतकी लांब जोडणी ही खरं तर दोन माणसांची. एकानं आवळायचं, दुसऱ्यानं पलीकडचं टोक दाबून धरायचं. महारुद्रचं पलीकडचं टोक लग्न झाल्यापासून कमलबाईकडं होतं. दुपारच्याला तिच्या तोंडात मिसरी असायची, त्यामुळं बोलायची सोय नव्हती. मग ती बोटाच्या पेरानं फळीवर ठोकायची. एकदा टक, म्हणजे बसली, आवळा. टक टक, म्हणजे थांबा, उठायली. महारुद्र मुद्दाम भलतंच आवळायचा, आणि मग पलीकडून अशी टकटक सुरू व्हायची की वाटावं, सुतारपक्षीच शेडमध्ये शिरला. शेवटी ती बाहेर जाऊन पचकन थुंकायची आणि आत येऊन म्हणायची, "आवं, कधी तरी माणसावानी वागा."

काम झालं, की बोटांना लागलेला फेविकॉल ती शेडच्या लाकडी खांबाला पुसायची. हाताशी फडकं असायचं, तरी खांबालाच. त्यानं किती वेळा सांगितलं असेल. तिच्या कमरेच्या उंचीवर त्या खांबाला वर्षानुवर्षांच्या बोटांचं पिवळट, कडक कवच धरलं होतं.

आज त्यानं डोकं चालवलं होतं. पलीकडच्या टोकावर पाट्याचा दगड ठेवू, तो बसेल कमलबाईच्या जागी, असं त्याला वाटलं. पण दगडाला कुठली फळी उठायली ते कळत नाही. तो आपला सगळ्यांवर सारखाच बसतो.

महारुद्र गल्लीत आला. गल्ली ओस. दिवाळी झाली, की अर्धी गल्ली ऊस तोडायला जाते. समोरच्या भागवतच्या घराला कुलूप, त्याच्या बाजूच्या घराला कुलूप, पुढं एका दारात एक म्हातारी उन्हाला बसलेली, तिला स्वतःचं टोक धरवत नव्हतं. भागवत जाताना म्हणाला होता, चल संगं, इथं भिंतीशी बोलत बसण्यापरीस. तेव्हा महारुद्रच हसला होता. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई नसलेला गडी म्हणजे अर्धा कोयता. अन् अर्ध्या कोयत्याला कोणता मुकादम गाडीत घेतो?

उरला रामकिशन. दोन घरं सोडून त्याचं घर, दारात त्याची ऑटो, मागं त्याची म्हैस. हाकेच्या अंतरावर. आणि गोष्ट तिथंच अडत होती, हाकेपाशी.

एकेकाळी महारुद्रच्या खोड्यांचं पहिलं गिऱ्हाईक रामकिशनच होता. पूर्णा स्टेशनला पॅसिंजर खोळंबलंय म्हणून त्याला भल्या पहाटे उठवून पाठवायचं, आणि तो रिकामी ऑटो घेऊन परत आला, की गल्लीच्या तोंडाशी चहा घेऊन उभं राहायचं. रामकिशन शिव्या द्यायचा आणि चहा प्यायचा. एकदा तर त्याच्या ऑटोच्या मागं महारुद्रनं सुबक अक्षरात रंगवलं, 'चालकास ऐकू येत नाही.' चार दिवस पॅसिंजर त्याच्या कानात ओरडत होते, आणि त्याला वाटत होतं, गावच येडं झालं.

मग मागच्या हिवाळ्यात एका पहाटे कमलबाई अंगण झाडताझाडता पडली. महारुद्र रामकिशनच्या दाराशी धावला. ऑटो काढ, कमल पडली, असं त्यानं ओरडून सांगितलं. आतून गोधडीतला आवाज आला, "निज गप, महारुद्रा. आज न्हाई फसत." त्यानं कडी वाजवली, दारावर लाथा घातल्या. आतून पुन्हा काही आलं नाही. मग कुणाची तरी मोटरसायकल मिळाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. किती उशीर, ते महारुद्रनं विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यानं एकही खोडी केली नाही. आणि रामकिशन शेडवरून जायचा बंद झाला. ऑटो लांबून, मारुतीच्या देवळामागून वळवायचा. बाकीचेही तसेच. गावाला राग आला असता तर भांडण करून मिटवता आलं असतं. पण गावाला लाज वाटत होती, आणि लाजेशी कुणी भांडावं? ज्याच्या दारात टिंगलखोरांचा मेळा भरायचा, त्याच्या दारात चिमण्या भुसा उकरत बसायच्या.

महारुद्र आत आला. फळी आणखी वर आली होती. त्यानं खिशातून मोबाइल काढला, रामकिशनचा नंबर लावला आणि कानाला धरून उभा राहिला. काय बोलायचं होतं, ते सरळ होतं. जरा ये, टोक धर. पण ते तोंडातून निघेना. खरं बोलून त्यानं एकदा याच माणसाला हाक मारली होती.

"हां," पलीकडून रामकिशन म्हणाला. वर्षानंतरचा पहिला शब्द.

"तुजी म्हस सुटली," महारुद्र म्हणाला.

महारुद्रनं मोकळा हात उठलेल्या फळीवर टेकवला.

"आता माज्या शेडम्होरून गेली. येलदरीकडं निघालीय. धरणाचं पाणी प्यायचं म्हणायली."

मग एक दीर्घ श्वास ऐकू आला. तो माणसाचा होता की जनावराचा, ते महारुद्रला कळलं नाही.

"तुज्या शेडम्होरून का?" रामकिशननं विचारलं.

"हां."

"आलो."

आणि तो आला. पळत आला नाही, पण चालतही आला नाही. उंबऱ्याशी क्षणभर अडखळला आणि सरळ पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. बाह्या वर सरकवलेल्या, कोपरापर्यंत हात ओले, आणि मनगटावर पांढरा फेस.

महारुद्रनं त्या हातांकडं पाहिलं. रामकिशन धार काढताना उठून आला होता. म्हैस सुटली असं त्यानं ऐकलं, तेव्हा तिचे सड त्याच्या मुठीत होते.

"हात पूस आधी," महारुद्र म्हणाला. "दुधाच्या हातानं लाकूड धरू नगंस."

रामकिशननं धोतराला हात पुसले. "काय करू?"

"मधली दाब. उठली की सांग."

रामकिशननं दोन्ही तळहात टेकवले आणि सगळं वजन टाकलं. महारुद्रनं शिकंजा अर्धा आटा फिरवला. फळीनं कुरकुर केली, थोडी बसली, थोडी हटून राहिली.

"उठायली."

"कुठं?"

"हितं. माज्या डाव्या अंगाला."

महारुद्रनं लाकडाचा तुकडा ठेवून वरून हातोडी मारली. पुन्हा अर्धा आटा. सांध्यांतून फेविकॉल पांढऱ्या मण्यांसारखा फुटून वर यायला लागला. शिकंजा आवळताना महारुद्रचे कान पलीकडं लागलेले. टकटक येणार, अशी त्यांना जुनी खोड. आली ती रामकिशनची बडबड. आता बरी हाय. आता जराक खाली. आता उलीशी वर. आर थांब की, माजं बोट. बोलण्यात तो असा गुंतला, की वर्षभर तोंड चुकवतोय हेच विसरला.

शेवटचा शिकंजा आवळून झाला. महारुद्रनं वाकून, एक डोळा मिटून फळ्यांवरून नजर टाकली. पाण्यावरून टाकावी तशी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता गेली.

"बसली," तो म्हणाला.

रामकिशननं हात उचलले. बोटं चिकटली होती. त्यानं ती पुसायला सहज शेजारच्या खांबाकडं नेली.

"तिथं नगं."

आवाज मोठा नव्हता. रामकिशनचा हात हवेतच राहिला. त्यानं खांबाकडं पाहिलं, कमरेएवढ्या उंचीवरच्या त्या पिवळ्या कवचाकडं, त्यात उमटलेल्या बारीक बोटांच्या रेघांकडं. महारुद्रनं ओलं फडकं फेकलं. रामकिशननं ते झेललं आणि एकेक बोट गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिला.

"त्या दिशी मी जागा होतो," तो फडक्याकडं बघत म्हणाला.

"म्हाईत हाय. तुजी खाट वाजली होती."

रामकिशनचं पुसणं थांबलं. बाहेर ऊन भिंतीवर चढलं होतं.

"माज्यासारख्यानं हाक मारली असती, तर म्या बी उठलो नसतो," महारुद्र म्हणाला. मग त्यानं फडकं परत घेतलं आणि सांध्यावरचा फेविकॉल पुसायला सुरुवात केली. "जा आता. म्हस बग. येलदरी गाठली आसल तिनं."

रामकिशन गेला. जाताना देवळामागून नाही, गल्लीतूनच गेला.

महारुद्र पुसत पुसत पुढं सरकला. थोड्या वेळानं मोबाइल वाजला.

"म्हस घावली," रामकिशन म्हणाला.

"कुठवर गेली होती?"

"लय लांब न्हाई. पर दूध चोरलं भाडखाऊनं. अर्धी धार राहिली ती राहिलीच." जरा थांबून तो म्हणाला, "उंद्या शिकंजे सोडायला येऊ का?"

"ये. आन चपला घालून येऊ नगंस. नव्या दिसायल्यात."

पलीकडून शिवी आली. अस्सल, जुन्या वजनाची. महारुद्रनं ती पूर्ण ऐकून घेतली आणि मगच मोबाइल खिशात ठेवला.

पुसत पुसत तो पलीकडच्या टोकाशी पोचला होता. मघापासून कितीदा पळत आला असेल इथं, पण उभा असा राहिला नव्हता. इथून शेड वेगळी दिसत होती. समोर ते टोक, त्याचं स्टूल, हातोडी, भिंतीवर त्यानं पेन्सिलीनं केलेली आकडेमोड. इथं उभ्या असलेल्या माणसाला तो सगळ्याचा सगळा दिसत असणार, मुद्दाम भलतंच आवळतानासुद्धा.

त्यानं बोट वाकवलं आणि पेरानं फळीवर एकदा ठोकलं. टक.

आवाज अखंड आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाकूड असल्यासारखा. समोरच्या टोकाला आवळायला कुणी नव्हतं. त्यानं बोटांना लागलेला फेविकॉल फडक्याला पुसला, फडकं खांबाच्या खिळ्याला टांगलं, आणि दिवा लावायला घरात गेला.