काकांची खुर्ची

"खूण म्हणून तुम्ही खुर्ची लिहून ठेवलीत?" मोजणीवहीत डोकावत शेजारी ओरडला.

मोजणीदार कानापर्यंत लाल झाले. हद्दीचा दगड हरवला तर सापडावा म्हणून त्याचं अंतर दोन पक्क्या खुणांपासून मोजून ठेवतात. मागच्या मोजणीत इथे घराचा कोपरा होता, दुसरी खूण मिळेना. अंगणात काका मात्र लोखंडी खुर्चीत ठाण मांडून बसलेले. टेपच्या आड येत होते म्हणून "जरा उठता का?" असं विचारलं, तर म्हणाले, "मला बायको हलवू शकली नाही, तुम्ही कोण?" झालं, यांनी लिहून टाकलं : काकांची खुर्ची. याहून पक्की खूण सरकारने तरी कुठे रोवली असेल?

कचेरीत मोजणीदारांना ‘खोडरबर’ म्हणत, कारण खोडरबर दिसला की यांचं डोकं फिरे. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. घरी किराणाच्या यादीतही साखर खोडून सही करत. "वाण्याला कोर्टात खेचायचंय का?" बायको विचारायची.

आता दगड गायब होता. काका वारले होते, खुर्ची भंगारात गेली होती आणि शेजाऱ्याच्या भिंतीच्या विटा येऊन पडल्या होत्या. त्याने अंदाजाने आखलेल्या चुन्याच्या फक्कीत काकूंची मोरी जात होती. मोजणीदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, चूक माझीच आहे."

"बरं झालं. त्यांना एकदा तरी कुणी कामाला लावलं!" असं म्हणत काकूंनी अंगणातल्या कुंड्या बाजूला सारल्या. फरशीत चार खळगे होते, खुर्चीच्या पायांचे. "मुलगा दोनदा सिमेंट घेऊन आला. मी नाही भरू दिले."

खळग्यांच्या मधोमध टेपचं टोक काकूंनीच धरलं. दुसरा टेप घराच्या कोपऱ्याला लावला. दोन्ही अंतरं जुळली तिथे पहार मारली आणि मातीखाली दगड खणकन वाजला. फक्कीच्या बऱ्याच पलीकडे. शेजारी विटा मागे ओढू लागला.

मोजणीदारांनी वहीतल्या ‘खुर्ची’वर एक रेघ मारली, वर ‘बसण्याची जागा’ लिहिलं आणि सही केली.

"खोडलंत?" काकूंनी विचारलं.

"खालचं वाचता येतंय, बघा."

काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि बराच वेळ वाचत राहिल्या.