अप्पांची मांडी

सोनपेठच्या बाजारपेठेत गुरुसिद्धप्पांच्या किराणा दुकानाला पाटी नाही आणि तिची गरजही कधी पडली नाही. ‘अप्पांकडं’ म्हटलं की शेंबडं पोरगंही बोट दाखवतं. वय अडुसष्ट, कपाळावर तीन बोटांची विभूती, पांढरंशुभ्र धोतर, ताठ कणा. वजनात चोख, बोलण्यात रोखठोक. माणसाला एखादा तरी ताठा असायचाच, तसा अप्पांनाही होता, फक्त तो डोक्यात नसून मांडीत होता.

आठव्या वर्षी त्यांना दीक्षा मिळाली आणि गळ्यात लिंगाची चांदीची डबी आली. तेव्हापासून साठ वर्षं रोज सकाळी आंघोळ करून ते मांडी घालून बसत, डाव्या तळहातावर डबीतलं इष्टलिंग ठेवत आणि तासभर त्याच्यावरून नजर हलवत नसत. पूजा होईपर्यंत तोंडात अन्नाचा कण जायचा नाही. ताप असो, घरात लग्न असो, पहाटेच्या एसटीनं गावाला जायचं असो, या नेमात कधी खंड पडला नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी मठात महाराज येत आणि सगळ्या समाजाची एकत्र पूजा होई. तेव्हा पहिल्या रांगेत मधोमध अप्पा असत. गुडघे गेलेले म्हातारे मागं भिंतीला टेकून बसत. अप्पा त्यांच्याकडं एकदाच वळून बघत, पण ते बघणं असं असे की त्या बिचाऱ्यांना आपण परीक्षेत नापास झालोय असं वाटे.

आणि दोन वर्षांपूर्वी अप्पांचेच गुडघे उलटले.

एका सकाळी पूजा झाली, पण उठता येईना. उमादेवींनी, म्हणजे त्यांच्या कारभारणीनं, काखेत हात घालून त्यांना उभं केलं. अप्पांना गुडघ्यांपेक्षा ते जास्त लागलं. दुकानात गेल्या गेल्या त्यांचं लक्ष काचेच्या बरणीकडं गेलं. पेपरमिंट आणि काडेपेट्यांच्या मधल्या या बरणीत अंगदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटांचे कापलेले तुकडे असत. मेंढरांमागं दिवसभर चालून आलेला ग्यानबा धनगर दर बाजाराला येई आणि म्हणे, “मालक, गुडघ्याच्या चार द्या.” मालक देत. त्या दिवशी मालकांनी स्वतःच एक घेतली. अर्ध्या तासात गुडघा असा वळला की अप्पांना वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं.

आता अडचण एवढीच होती की गोळी हवी पूजेच्या आधी आणि पूजेच्या आधी तर तोंडात काही घालायचं नाही. कुणाला विचारणार? अप्पांनी स्वतःच न्यायनिवाडा केला. औषध म्हणजे अन्न नव्हे! झालं. रोज सकाळी रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर एक गोळी, मग मांडी, मग पूजा. थंडीत दोन. रिकामी पाकिटं ते देवघरात विभूतीच्या डब्यामागं दडवत. गोळीच्या आधारावर बसलेली मांडी लोकांना कळली असती तर काय राहिलं असतं?

सहा महिन्यांत पोटात जळजळ सुरू झाली. वरच्या बाजूला, बेंबी आणि छातीच्या मधे, कुणीतरी निखारा ठेवावा तसं व्हायचं. अप्पांनी गुन्हेगार लगेच पकडला.

“तुझ्या हाताला तिखट लय,” ते उमादेवींना म्हणाले. “पोट जाळून टाकलंस माझं.”

उमादेवींच्या हातचा ठेचा पाहुण्यांमध्ये गाजलेला. लग्नाकार्यात बायका त्यांना बोलावून नेत, फक्त मिरची वाटायला. त्या माउलीनं पाटा भिंतीला उभा करून ठेवला. दीड वर्ष त्या घरानं फिक्कट वरण खाल्लं. मुलगा शिवप्रकाश बसस्टँडवर जाऊन चोरून मिरचीभजी खाऊन येई. पाहुण्यांकडं जेवायला जाणं उमादेवींनी हळूहळू बंद केलं. आपल्या हातानं नवरा आजारी पडला, हे त्यांनी खरंच मानलं होतं.

घरातलं चौथं माणूस म्हणजे सून शिवरंजनी. तिनं औषधशास्त्राची पदविका घेतलेली. दुकानाशेजारचा गाळा रिकामा होता आणि तिथं मेडिकल टाकायचं तिच्या मनात होतं. लग्नानंतर वर्षभरानं तिनं धीर करून विचारलं. अप्पा म्हणाले, “आपल्या घरची सून गोळ्या विकायलीय, असं लोकं म्हणतील.” हे म्हणताना त्यांचा हात गोळ्यांच्या बरणीवरच होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. शिवरंजनीच्या मात्र आलं.

यंदा जूनच्या शेवटी जांभळांचा हंगाम जोरात होता. अप्पा गूळ जोखत होते आणि जोखता जोखता त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. शिवप्रकाशनं धरून घरात आणलं. शिवरंजनीनं त्यांच्या पापणीच्या आतली बाजू बघितली. कागदासारखी पांढरी होती.

“अप्पा, एक विचारते, रागावू नका. परसाकडं काळं व्हायलंय का?”

सुनेनं सासऱ्याला विचारायचा हा प्रश्न नव्हे. उमादेवींनी पदर तोंडाला लावला. अप्पा कानापर्यंत लाल झाले असते, पण अंगात तेवढं रक्त उरलं नव्हतं.

“जांभळं खाल्लीत,” ते भिंतीकडं बघत म्हणाले.

“किती दिवसांपासून? डांबरासारखं, चिकट?”

अप्पांनी धोतराचा सोगा तोंडावर ओढला. शिवरंजनी हात धुऊन देवघरात गेली आणि विभूतीच्या डब्यामागची पाकिटं ओंजळभर घेऊन बाहेर आली. महिन्यापूर्वी झाडताना ती तिला दिसली होती. जुनी असतील म्हणून तिनं तशीच ठेवली होती. आता ती ओंजळ सासूपुढं धरताना तिला रडू फुटलं. “मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं,” ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनं नवऱ्याला गाडी काढायला सांगितली.

परभणीच्या दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढलं. तोंडातून दुर्बीण घालून तपासणी झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना वेळ कमी होता, पण त्यांनी अप्पांच्या खाटेजवळ बसून नीट सांगितलं. जठराच्या आतल्या बाजूला जखम झाली होती, म्हणजे अल्सर, आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. कारणं दोन होती. एक, जठरात राहणारा एक जंतू. तो बहुतेक लहानपणीच पोटात शिरतो आणि कित्येकांच्या पोटात काही न बोलता आयुष्यभर राहतो. दुसरं, या गोळ्या. पोटाला आतून एक अस्तर असतं, ते यांनी विरतं, आणि मग पोटातलं आम्ल थेट मांसाला लागतं.

“चोर घरात होताच, अप्पा. तुम्ही रोज सकाळी त्याच्यासाठी कडी काढून ठेवलीत.”

पायथ्याशी उभ्या उमादेवींनी इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. “आन् मिरची?”

“मिरचीनं अल्सर होत नाही, काकू. झालेला असला तर झोंबते, एवढंच.”

“ऐकलं का?” उमादेवी नवऱ्याला म्हणाल्या. अप्पांनी डोळे मिटले. “ऐकलं का मनलं मी?” सोनपेठला परत येईपर्यंत अप्पांना हे चौदा-पंधरा वेळा ऐकावं लागलं आणि दर वेळी उमादेवींची मान थोडी आणखी वर गेलेली असे.

इलाज सरळ होता. आम्ल कमी करणारी गोळी, जोडीला जंतू मारणारी दोन औषधं, चौदा दिवस, एकही वेळ न चुकवता. मग महिनाभरानं पुन्हा तपासणी. गुडघ्याला मलम, शेक आणि व्यायाम. अंगदुखीची गोळी पुन्हा तोंडात घालायची नाही.

“आन् मांडी?” अप्पांनी विचारलं.

“मांडी विसरा आता. खुर्चीवर बसा.”

पोटात जखम झाली हे अप्पांनी शांतपणे ऐकलं होतं. हे ऐकून मात्र ते कूस बदलून संध्याकाळपर्यंत भिंतीकडं तोंड करून पडले.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की पूजेआधी आता गोळीही नको. शिवरंजनीनं हे आधीच हेरलं होतं.

“अप्पा, औषध म्हणजे अन्न नव्हे, हे तुमीच ठरवलंय ना?” ती म्हणाली. “ही आम्लाची गोळी उपाशीपोटीच घ्यायची असती. मग अर्धा-एक तास काही खायचं न्हाई. त्या तासात तुमची पूजा. मग न्याहारी आन् मग बाकीची दोन.”

अप्पांच्याच कायद्यानं अप्पांना बांधलं होतं आणि गाठ पक्की होती. मनातल्या मनात त्यांनी सुनेला दाद दिली. सहाव्या दिवशी जळजळ गेली, तेव्हा “झालं की बरं, कामून आणखी?” म्हणून बघितलं, पण शिवरंजनी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिली ती गोळी गिळेपर्यंत. अर्ध्यावर सोडलं तर तोच जंतू पुढच्या वेळी या औषधांना दाद देणार नाही, असं तिनं बजावलं. ग्यानबा गोळ्या न्यायला आला तेव्हा अप्पांनी बरणी खाली काढली आणि त्याला सुनेकडं पाठवलं. तिनं त्याला पोट दुखतं का, तंबाखू किती खातोस, गोळी कधी घेतोस, असं सगळं विचारलं आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गोळी घ्यायची नाही म्हणून सांगितलं. ग्यानबानं मान डोलावली. अप्पा आडून ऐकत होते. एवढं आपण इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नाही, हे त्यांच्या मनाला चाटून गेलं.

महिनाभरानं तपासणी झाली. जंतू गेला होता. उमादेवींनी त्याच दिवशी पाटा आडवा केला.

पण अप्पा घरात खुर्चीवर पूजा करत ते दार लावून. आणि श्रावण आला होता.

मठातल्या पूजेच्या सोमवारी त्यांनी आंघोळ केली, धोतर नेसलं आणि धोतराच्या सोग्यात बांधलेलं काहीतरी चाचपलं. बरणी रिकामी करताना त्यातला एक तुकडा त्यांनी मागं ठेवला होता. दोन गोळ्या. एका तासाचा तर प्रश्न होता. पहिल्या रांगेत आपण नसलो तर लोक काय म्हणतील? मागं भिंतीला, त्या नापासांमध्ये?

उमादेवी दारात उभ्या होत्या. त्यांनी काही हिसकावून घेतलं नाही की आरडाओरडा केला नाही.

“साठ वर्सं पूजा केली तुमी,” त्या म्हणाल्या. “लिंग हातावर ठिवलं का मांडीवर?”

अप्पांनी आपल्या डाव्या तळहाताकडं बघितलं. मग त्यांनी सोगा सोडला आणि तो तुकडा बायकोच्या हातावर ठेवला.

त्यानंतर त्यांनी जे केलं, ते बाजारपेठेनं डोळ्यांनी बघितलं. दुकानातली लाल प्लास्टिकची खुर्ची त्यांनी उचलली. शिवप्रकाश पुढं धावला, तर “हात लावू नको” म्हणाले. भर सकाळी, उघड्या दुकानांसमोरून, खुर्ची काखेत घेऊन अप्पा चालत मठात गेले आणि पहिल्या रांगेत, मधोमध, आपल्या नेहमीच्या जागी त्यांनी ती मांडली.

कुजबुज उठली. शेजारी बसलेले कापडवाले विरेशप्पा, अप्पांच्याच वयाचे, हात जोडून नमस्कार करत हळूच म्हणाले, “शरणार्थ, अप्पा. खुर्ची?”

अप्पांना हळू बोलता येत नाही. “पोटात जखम झाली होती माझ्या!” त्यांचा आवाज मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. “दोन वर्सं रोज उपाशीपोटी गुडघ्याची गोळी खाऊन मी तुमच्या पुढं मांडी घालून बसलो. अंगातलं रक्त आटलं, तरी बायकोच्या मिरचीला दोष दिला. तिची चूक न्हवती. ही चूक माजी हाय.” त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. “आता खरं सांगा. आणखी कुणाकुणाच्या खिशात हाय?”

महाराजसुद्धा बेलपत्र हातात धरून बघत राहिले. मग विरेशप्पांचा हात सावकाश सदऱ्याच्या खिशाकडं गेला आणि गोळ्यांचा चुरगळलेला तुकडा घेऊन बाहेर आला. त्यांच्या पलीकडच्यानं खाली बघत आपला काढला. मग रांगेतल्या आणखी दोघांनी. सगळी पहिली रांग गोळ्यांच्या टेकूवर बसली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत.

“शिवरंजनी!” अप्पांनी बायकांच्या बाजूला हाक दिली. ती डोक्यावरचा पदर सावरत आली. “ह्या गोळ्या गोळा कर. आन् ह्यांना इचार, कुणाला जळजळ हाय, कुणाला काळं व्हायलंय. लाजायचं न्हाई, ती लाजत न्हाई.” मग सगळ्यांकडं वळून ते म्हणाले, “ही माजी सून. औषधं शिकलीय. मला हिनं वाचवलं. दुकानाच्या बाजूच्या गाळ्यात हिचं मेडिकल निघणार हाय. परवाना आला की पाटी लागंल, हिच्या नावाची.”

शिवरंजनी हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं पदरात गोळा केलेले तुकडे घट्ट धरले आणि सासूकडं बघितलं. उमादेवी रडत होत्या आणि मान ताठ ठेवून रडत होत्या.

शिवप्रकाशनं मंडपामागून आणखी चार खुर्च्या आणल्या. विरेशप्पा आधी का-कू करत होते, मग बसले आणि बसल्यावर त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. अप्पांनी चांदीची डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि नजर लावली. हात जराही हलत नव्हता. महाराजांनी मंत्र सुरू केला.