घरघर गेली, काका राहिले

किन्नरी दवे सात वर्षं रोज सकाळच्या गाडीनं आणंदहून अहमदाबादला कामाला जात होती, आणि सात वर्षं रमणिककाकांचं भजन ऐकत होती. पासवाल्यांचा डबा, चार जोड्या मंजिऱ्या म्हणजे छोटे टाळ, एक ढोलक आणि मधोमध काका. त्यांचं अहमदाबादेत मणिनगरला हार्डवेअरचं दुकान होतं. आवाज दणदणीत, पण पट्टी इतकी उंच धरायचे की दुसऱ्या कडव्याला सूर सुटायचाच. किन्नरी कॉलेजपर्यंत गाणं शिकलेली. तो सूर सुटला की तिच्या दातांत कळ जायची.

भाऊ जतीननं तिला वाढदिवसाला बाहेरचा आवाज कापणारे बिनतारी हेडफोन दिले. पहिल्या दिवशी तिनं ते कानांवर चढवले, बटण दाबलं आणि गाडीची घरघर एकदम नाहीशी झाली. त्या स्वच्छ शांततेत उरले एकटे रमणिककाका. आजवर चाकांच्या खडखडाटात निदान अर्धे झाकले जात होते; आता त्यांचा एकेक बेसूर सुटा सुटा ऐकू येऊ लागला.

तिनं वैतागून जतीनला फोन केला.

"दीदी, ते एकसारखी घरघर कापतात," तो म्हणाला. "माणसं नाही कापत."

मग तिनं आवाज वाढवून सरोद लावला. आलाप कुठं रंगायला लागतोय, तोच खांद्यावर टकटक.

"किन्नरीबेन, थेपला घे." समोरच्या सुशीलाबेन होत्या.

थेपला घेतला, हेडफोन चढवले. पुन्हा टकटक.

"छुंदो राहिला की! घरच्या कैरीचा, गोड आहे."

तिसऱ्यांदा सुशीलाबेननी तिच्याकडं काळजीनं पाहिलं. "कान दुखतात का गं? कोमट तेल घाल दोन थेंब. असं झाकून ठेवून बरं नाही होत."

चौथ्या दिवशी खुद्द काका उठून आले. "एवढं काय ऐकतेस? दे बघू." ती हो-नाही म्हणेपर्यंत हेडफोन त्यांच्या डोक्यावर होते. काकांनी डोळे मिटले, मान डोलावली, आणि दोन मिनिटांनी त्या सरोदवरच भजन सुरू केलं. स्वतःचा आवाज स्वतःलाच नीट ऐकू येईना, त्यामुळं ते आणखी मोठ्यानं आणि आणखी भलतीकडं गाऊ लागले. ढोलक थांबला. "काका! अहो काका!" त्यांना पत्ताच नाही. दारातली माणसं हसायला लागली, तेव्हा कुठं त्यांनी डोळे उघडले आणि हेडफोन काढले.

"काय झालं?"

उत्तर दिलं किन्नरीनं. सात वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "काका, तुम्ही पट्टीच चुकीची धरता! दोन सूर खाली घ्या ना! रोज दुसऱ्या कडव्याला गळा फाटतो तुमचा, आणि ऐकणाऱ्याचे कान!"

"अगं, देवाचं नाव आहे ते," सुशीलाबेन दबक्या आवाजात म्हणाल्या.

"मग देवालाही कान असतीलच की!"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी हेडफोन धोतराच्या सोग्यानं पुसले आणि तिच्या मांडीवर ठेवले. अहमदाबादपर्यंत एकही मंजिरी वाजली नाही. हवी होती ती शांतता मिळाली होती, पण किन्नरीला त्या दिवशी सरोद काही लावता आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती फलाटावर घुटमळली. दुसऱ्या डब्यात जावं का? तेवढ्यात खिडकीतून काकांनीच हाक मारली. "ए बेन, जागा धरलीय. चढ लवकर आणि सा दे."

तिनं सा दिला. त्या दिवशी दुसरं कडवं न फाटता पार पडलं. काका स्वतःच चकित झाले. तिनं संधी साधून अट घातली, "अर्ध्या वाटेपर्यंत, महेमदावाद येईतो भजन. पुढं मला गाणं ऐकू द्यायचं."

"कबूल!" सगळे म्हणाले.

महेमदावाद आलं की मंजिऱ्या खरंच पिशवीत जातात. पण मग ढोलकवाला म्हणतो, काका आज फार खाली गेले. सुशीलाबेन म्हणतात, मुळीच नाही. डब्यात दोन तट पडतात आणि भजनापेक्षा मोठा गोंधळ होतो. निकाल अर्थातच किन्नरीबेननं द्यायचा. ती हेडफोन गळ्यात अडकवून कपाळाला हात लावते, आणि तरी नेमकी ओळ गाऊन दाखवते.

परवा जतीननं विचारलं, "कसे चाललेत हेडफोन?"

"चांगले आहेत रे," ती म्हणाली. "एकदा चार्ज केले की महिनाभर बघावं लागत नाही."