दोनदा घासलेली हळद

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरळच सांगितलं होतं, "कोमल, तुझं ते पुण्याच्या नोकरीचं पक्कं झालं तर जा. न्हाई तर रविवारी पाव्हणे तुला बघाया येऊन राहिले, मुकाट्यानं बस." स्कॉलरशिप संपल्यापासून मी गावी, कुरुंद्यात, हळदीच्या पोत्यांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन अडकले होते. येणारीजाणारी प्रत्येक बाई विचारायची, "अजून सुट्टीच हाये का गं?" डोकं नुसतं भणभणायचं.

पण माझ्या हाती एक घबाड होतं. क्वेसार, म्हणजे फार लांबच्या दीर्घिकांची धगधगती केंद्रं. लाखो क्वेसारांचे आकडे जुळवले, तर अर्ध्या आभाळातले क्वेसार उरलेल्यांपेक्षा उजळ निघत होते! असं असायलाच नको; विश्व सगळ्या दिशांना सारखंच असतं, असं मानतात. माझ्या गाइड अपर्णा मॅडम फोनवर ओरडल्याच, "खरं ठरलं तर तुझी इथली जागा पक्की!" शनिवारी त्या ते निवड समितीपुढं मांडणार होत्या.

शुक्रवारी दुपारी अंगणात बोंब उठली. माझ्या भावानं, सोमेश्वरदादानं, सगळी हळद पॉलिशच्या ढोलात घासून आणली होती. त्यातली अर्धी अप्पांनी आधीच घासून ठेवलेली.

"डोळे फुटले व्हते का तुझे? दोनदा घासून वजन गेलं की सगळं!"

"मला काय ठावं? सारी पोती एकाच जागी व्हती. घातली सरसकट."

माय हळकुंडं हातात घेऊन म्हणाली, "तरीच म्हनलं, अर्धीच एवढी काहून चमकून राहिली!"

मी खदखदून हसले. आणि हसता हसता दादाच्या 'सरसकट'वर अडकले.

आपल्या आकाशगंगेतल्या धुळीमुळं क्वेसार मंद दिसतात. तेवढा मंदपणा हिशेबानं भरून काढावा लागतो. मी उत्तर आणि दक्षिण आभाळाच्या दोन याद्या जोडल्या होत्या आणि दोन्हींची धूळ सरसकट काढली होती. दक्षिणेची आधीच काढलेली होती की काय? पळत खोलीत गेले. होतीच. एकदाच काढून बघितली, तर दोन्ही अर्धी सारखी. झालं! सगळं मुसळ केरात.

हे फक्त मला माहीत होतं. एक दिवस तोंड शिवून बसले असते तर सुटले असते. तेवढ्यात माय साडी घेऊन दारात आली, "रविवारी ही नेसशील का?" मला रडूच फुटलं. तिला वाटलं, साडी आवडली नाही.

मी मॅडमना फोन लावला. सगळं सांगून टाकलं. "बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या. जागेचं विचारलं, तर म्हणाल्या, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला चांगला कळतो.

बाहेर आले. अप्पांनी विचारलं, "झालं का पक्कं?"

"न्हाई अप्पा. माझीबी चूक निघाली. दादासारखीच."

अप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे सोमा. व्हते चूक मानसाची."

मला वाटलं, आता माझ्याही पाठीवर हात येईल.

"पाव्हण्यायला पोहे तूच आन," अप्पा मला म्हणाले.