चूक गाडीची नसते

चूक गाडीची कधीच नसते. चूक असते ती माणसाची. मानवजातीचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो, असं माझं ठाम मत होतं. मत माझं असलं तरी वाक्य आमच्या हिचं. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर ते लाल ऑइलपेंटने रंगवलेलं होतं, आणि रंगवताना शिडी मी धरली होती, म्हणजे त्या इतिहासात माझाही खारीचा वाटा होताच.

मग एका मंगळवारी गाडीच्या कंपनीने कळवलं की चूक गाडीची होती.

स्कूल हा शब्द जरा मोठा झाला. एक खोली, एक गाडी आणि एक ही, एवढाच पसारा. गाडीला शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच बसवून घेतलेले. त्यांच्यावर पाय ठेवून ही बसते. विद्यार्थी तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे हँडब्रेक. हे तिला माहीत आहे, आणि मनातून आवडतं असा माझा संशय आहे. आता यातली मेख अशी की ही गाडी ती स्वतः कधी चालवतच नाही. सकाळचा पहिला विद्यार्थी गाडी दारातून काढतो, संध्याकाळचा शेवटचा दारात आणून लावतो. आणि शिकाऊ माणसाच्या पायाखाली इंजिन बंद पडणं यासारखी स्वाभाविक गोष्ट जगात दुसरी नाही. क्लच लवकर सुटला, गचका बसला, बंद. त्यामुळे गाडी बंद पडली की ही फक्त एक शब्द उच्चारायची. "क्लच." शिकवणीच्या गाडीतही दुसरं काही बिघडू शकतं, हा विचार त्या गाडीत कधी बसलाच नाही.

बसली ती आमची सूनबाई. ती हॉस्पिटलात नर्स आहे. मुलगा बोटीवर असतो. घरात वादावादी सुरू झाली की तो हमखास भर समुद्रात असतो, पोरगं हुशार आहे. सूनबाईला हॉस्पिटलातली एक जागा हवी होती: पेशंटांना त्यांच्या घरी जाऊन बघायची. रात्रपाळी नाही, डोक्यावर मेट्रन नाही. अट एकच, महिनाअखेरीला लायसन्स हवं. ती दोनदा परीक्षेला बसली आणि दोनदा नापास झाली, तेही एकाच पद्धतीने. रांगेत उन्हात इंजिन चालू ठेवून थांबायचं, नंबर आला की निघायचं, आणि निघता निघता गाडी बंद.

दुसऱ्यांदा नापास होऊन आली त्या दिवशी जेवताना ही म्हणाली, "काही जणांच्या पायाला अक्कलच नसते, त्याला कोण काय करणार."

सूनबाई वाढत होती. तिने डाव भांड्यात ठेवला, हात धुतले आणि ड्यूटीवर निघून गेली. त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आणखी एक संधी होती. तिला जायचंच नव्हतं.

आणि मग तो मंगळवार. हिने मोबाइलवरचा मजकूर दोनदा वाचला आणि फोन माझ्याकडे दिला. "वाचा. मोठ्याने नको."

कंपनीची भाषा अगदी सोज्वळ होती. आपली सुरक्षितता हीच आमची प्रेरणा. आपल्या वाहनात इंजिनाला पेट्रोल पुरवणारा जो पंप आहे त्यातले एक प्लास्टिकचे चक्र काही विशिष्ट परिस्थितीत फुगते, व त्यामुळे इंजिन अचानक बंद पडण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी कृपया वाहन चालवू नये. पंप विनामूल्य बदलून घेण्यासाठी वाहन घेऊन सेवाकेंद्रात यावे.

चालवू नये, पण घेऊन यावे. डोक्यावरून आणायचं की कडेवर, याचा खुलासा नव्हता.

"शक्यता नाकारता येत नाही म्हणे," ही म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला की मला भीती वाटली. "नाकारतेय कोण? आँ?"

तिने विद्यार्थ्यांना सुट्टी दिली आणि कंपनीला फोन लावला. तिकडून बासरी ऐकू आली. तिने बासरीला सुनावलं. दुसऱ्या दिवशी परत बासरी, परत सुनावणी. आमच्या घरात त्या आठवड्यात आरडाओरडा पुष्कळ झाला, पण ज्या एका माणसाला ही बातमी सांगायची होती त्याच्यासमोर मात्र ही तोंड शिवून बसायची.

"अगं, सूनबाईला सांगायला हवं."

"सांगते ना. आधी त्या कंपनीला बघते."

कंपनीला बघेपर्यंत पुढचा बुधवार उजाडला, आणि कंपनीनेच घरच्या फोनवर फोन केला. उचलला सूनबाईने. पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई बोलत होती. सूनबाईने एक मिनिट ऐकलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"आपल्या वाहनाचे इंजिन अचानक बंद पडू शकते. ही सूचना समजली असल्यास एक दाबा. पुन्हा ऐकायची असल्यास दोन दाबा."

सूनबाईने दोन दाबलं. बाईने पुन्हा सांगितलं. सूनबाईने हिच्याकडे बघत पुन्हा दोन दाबलं. मी भिंतीकडे बघत होतो. ती बाई ते वाक्य किती वेळा बोलली कोण जाणे, न दमता, गोड आवाजात. शेवटी सूनबाईने एक दाबलं.

"कधीपासून माहीत होतं, आई?"

"मागच्या मंगळवारपासून."

"कशाला अक्कल नव्हती म्हणाला होतात? पायालाच ना? माझ्या की पंपाच्या?"

हिने तोंड उघडलं. आमच्या संसारात ते रिकामं मिटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाली, "पलीकडच्या गल्लीतल्या स्कूलची गाडी मागून आणते. शुक्रवारी ती घेऊन जा."

हे किती मोठं बोलणं होतं ते आम्हालाच ठाऊक. त्या स्कूलवाल्याचा उल्लेख ही 'खाटीक' असा करते.

"नको," सूनबाई म्हणाली. "ह्याच गाडीत नापास झाले, ह्याच गाडीत पास होईन. तुम्ही ती दुरुस्त करून आणा. तुमची गाडी, तुमचा पंप."

आणि दार आपटलं. दार आपटण्याचा हक्क आजवर घरात एकाच व्यक्तीला होता.

गुरुवारी आम्ही निघालो. ही स्वतः चालवायला, सूनबाई मागे, आणि मी हिच्या जागेवर, त्या जादा ब्रेक-क्लचसमोर. "पाय वर घेऊन बसा," मला हुकूम झाला. "कशालाही लावायचे नाहीत." मी दांडीवरच्या कोंबडीसारखा बसलो. आणि गाडी अशी चालली म्हणता, लोण्यातून सुरी. सिग्नल झाले, चढ झाला, एकदाही हूं नाही की चूं नाही. सर्व्हिस सेंटरच्या फाटकात वळताना हिला राहवलं नाही.

"आता बघा. माझ्या पायाखाली तर एकदाही..."

आरशात सूनबाई दिसली. पुढचं वाक्य हिने गिळलं, पण ते गिळताना सगळ्यांना ऐकू गेलं.

आत गारेगार हवा, प्लास्टिकची झाडं आणि एक टायवाला. त्याने आम्हाला पाणी दिलं. जिथे काम व्हायचं नसतं तिथे पाणी लगेच मिळतं.

"पंप स्टॉकमध्ये नाही, मॅडम. आला की कळवू."

"कधी येईल?"

"आला की."

"उद्या परीक्षा आहे."

"ऑल द बेस्ट, मॅडम." तो बाहेर येऊन गाडीत डोकावला. "आणि हे जादा ब्रेक-क्लच कंपनीचे नाहीत. ते काढून आणावे लागतील."

"ब्रेकचा पंपाशी संबंध काय?"

"संबंध काहीच नाही. नियम आहे." मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आणि खरं सांगू का, तुमची पडली स्कूलची गाडी. शिकाऊ लोकांच्या पायाखाली बंद पडायचीच हो. पंपबिंप काही नसतं. क्लच."

हिने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"परत म्हणा."

"क्लच, मॅडम."

"ते माझं वाक्य आहे," ही म्हणाली. "त्या वाक्यावर मी स्कूल चालवलंय. एक बाई माझ्या गाडीतून उतरून रडत चालत घरी गेली, परत आली नाही. घरच्या पोरीला मी भरल्या ताटावर नाही नाही ते बोलले. कशाच्या जिवावर? तुमच्या त्या फुगक्या पंपाच्या. आता ते वाक्य तुम्ही मलाच ऐकवता, वर टाय लावून?"

टायवाल्याने टायकडे पाहिलं. तेव्हा सूनबाई पुढे झाली, पेशंटला इंजेक्शन देण्याआधी नर्सेस जसं गोड बोलतात तसं बोलत.

"दादा, तुम्हीच एक चक्कर मारून बघा ना. तुम्ही काही शिकाऊ नाही."

"मी?" तो हसला. "मी मिसरूड फुटायच्या आधीपासून चालवतोय."

"मग झालं तर. फक्त आधी जरा इंजिन चालू ठेवून उभी करा. उन्हात ताप चढला की गाडीला फीट येते."

तो स्टिअरिंगवर बसला, ही शेजारी आपल्या हक्काच्या जागी, आम्ही दोघं मागे. फाटकाशी ऊन रणरणत होतं आणि रस्ता तुडुंब भरून वाहत होता. टायवाला शीळ घालत थांबला. इंजिन चालू. बराच वेळ थांबला. मग एक फट मिळाली, त्याने गाडी काढली, आणि अर्धी फाटकात, अर्धी रस्त्यात अशी ती थंड झाली. गचका नाही, आवाज नाही. दिवा मालवावा तशी.

त्याने किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. रस्त्यावरून एक ट्रक येऊन थांबला आणि भोंग्यावर झोपला.

"क्लच," ही म्हणाली.

"मॅडम, क्लच पूर्ण दाबलेला आहे, तुम्ही बघा..."

"काही जणांच्या पायाला," हिने सुरुवात केली, तोच तो जेवणाच्या वेळचा आवाज, आणि तिच्यासाठी लावलेल्या छोट्या आरशाकडे तिची नजर गेली. त्यात सूनबाई होती. ट्रकवाला उतरून टायवाल्याच्या घराण्याविषयी बोलू लागला होता.

"काही जणांच्या पायाला काही झालेलं नसतं," मग ही म्हणाली. "पंपच वाईट असतो."

आमच्या घरात यापेक्षा मोठी माफी कुणी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सूनबाई खिडकीबाहेर बघत होती.

"ऐकलं," ती म्हणाली. "पुन्हा ऐकायचं असेल तर दोन दाबू?"

हिने मान खाली घातली, आणि तिच्या मानेला ती सवय नाही.

टायवाल्याने टाय खांद्यावर टाकून गाडी ढकलली. मीही ढकलली, त्याच्याहून कमी. नंतर जे झालं त्याला चमत्कार म्हणतात: स्टॉकमध्ये नसलेला पंप तासाभरात सापडला. सेंटरच्या मालकांच्या स्वतःच्या गाडीसाठी बाजूला काढून ठेवला होता म्हणे. जादा ब्रेक-क्लचचा नियम कुठे गेला ते विचारायचं मी टाळलं. आपल्याला पाणी मिळालं होतं, पंप मिळाला होता. फार खोदू नये. ही मात्र खोदत होती. पंप बसेपर्यंत त्या प्लास्टिकच्या झाडांसमोर फेऱ्या घालत ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होती, "तुमची बंद पडते का हो? पडते ना? क्लच नाही. ऐकू नका यांचं." दोन माणसं आल्या पावली परत गेली.

निकाल आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. सूनबाई पास झाली. हल्ली ती पेशंटांच्या घरी हिंडत असते, आणि इतकी वेगात की पेशंट तिला बघून नाही, तिच्या गाडीचं वळण बघून उठून बसतात. आणि भिंतीवरचं ते वाक्य हिने गुरुवारी संध्याकाळीच पांढऱ्या रंगाने पुसलं. शिडी कोणी धरली ते सांगायला नको. पण माझ्या डोक्यातून जात नाही ती शुक्रवारची सकाळ.

घरासमोर गाडी उभी. सूनबाई स्टिअरिंगवर, ही शेजारी, मी पाण्याची बाटली घेऊन मागे. सूनबाईने किल्ली फिरवली. नव्या पंपाने इंजिन असं सुरू झालं की कान निवले. तिने पहिला गिअर टाकला, आरसा पाहिला आणि क्लच सोडायला घेतला, सावकाश, पुस्तकात असतो तसा.

गाडी कण्हली. जागची हलली नाही. इंजिन घुटमळलं, आता बंद पडणार तोच सूनबाईने क्लच पुन्हा दाबून ते वाचवलं. पुन्हा प्रयत्न केला. गाडी पुन्हा कण्हली आणि तिथेच.

हिचा चेहरा लाल झाला.

"थांब, तू काही करू नकोस. तुझं काही चुकत नाहीये, मी बघतेय ना तुझे पाय, सोन्यासारखे पाय आहेत. हा त्या मेल्यांचाच घोळ आहे. अहो, बसलाय काय, लावा फोन त्या टायवाल्याला. त्याला नको, त्याच्या मालकाला. मालकालाही नको, थेट कंपनीच्या साहेबाला लावा, बासरी वाजली तर बासरी बंद करायला सांगा. आता मी सोडत नाही. ग्राहक न्यायालयात ओढते. भिंत रिकामीच आहे, तिच्यावर कंपनीचं नाव लिहिते लाल रंगात, जाणाऱ्या-येणाऱ्याने थुंकावं असं. माझ्या सुनेची परीक्षा आहे आज, आणि ह्यांच्या पंपापायी..."

किल्ली फिरल्यापासूनच ती सीटवर ताठ होऊन बसली होती, उजवा पाय रोवून.

"आई," सूनबाई म्हणाली, "तेवढा तुमचा पाय ब्रेकवरून काढता का?"