पियानोवाला कुठे गेला?

“ती पेटी उचलू नकोस दादा, तिचा तळ फाटलाय!”

मी स्वयंपाकघरातून ओरडले, तोवर आर्सेसिओदादाने पेटी उचलली होती. केळ्यांची ती पुठ्ठ्याची पेटी खालून उघडली आणि तबकड्या त्याच्या पायांवरून घसरत अंगणभर पसरल्या. तो क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आधी सांगायचंस की गं.”

“सांगितलं होतं.”

“अस्सं,” तो म्हणाला आणि खाली वाकून एकेक तबकडी बाहीने पुसायला लागला.

आमच्या काली शहरात प्रत्येक वाक्याला शेपूट लावायची खोड आहे. ‘भात झालाय, ऐकलंस का?’ ‘उद्या पाणी येणार नाही, ऐकलंस का?’ ऐकणारा समोर बसून आपल्या तोंडाकडे बघत असला तरी ‘ऐकलंस का’ आलंच. राजधानीची माणसं यावरून आम्हाला हसतात. दादाचे कान जायला लागले, तसं लोकांनी त्याच्यापुरतं हे शेपूट तोडून टाकलं. दयेपोटीच. कोपऱ्यावरची पाववालीसुद्धा “घ्या, गरम आहेत” एवढंच म्हणायची आणि जीभ चावल्यासारखी गप्प व्हायची. दादाच्या ते ध्यानात आलं होतं. बहिरेपणापेक्षा ही माया त्याला जास्त लागायची.

सगळ्या तबकड्या रविवारी फानोर नेणार होता. फानोर म्हणजे दादाचा लहानपणापासूनचा मित्र. जन्मभर बस चालवली आणि निवृत्तीनंतर बागेतली रविवारची गाण्याची बैठक चालवायला लागला. त्याला दादानेच निरोप धाडला होता की गाडी घेऊन ये आणि सगळं घेऊन जा.

“एवढ्या वर्षांचं जमवलेलं असं देऊन टाकणार?” मी त्याच्या उजव्या कानाशी जाऊन विचारलं.

“पाय नसलेल्याच्या घरी जोडे कशाला, अलेइदा?”

दादा जोड्यांचाच माणूस. ओब्रेरो मोहल्ल्यात, आमच्या घरामागच्या कारखान्यात, तो जोड्यांचं वरचं कातडं कापायचा. नाचणाऱ्यांचे दोन रंगी जोडे, बायकांच्या पट्ट्याच्या सँडल. वडील गेल्यावर त्या कातड्यावर त्याने मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावलं. स्वतः एकटाच राहिला. त्याचा एक नियम सगळ्या मोहल्ल्याला पाठ होता. जोडा नेहमी संध्याकाळी घालून बघावा, पाय थकून सुजल्यावर. सकाळी काय, सगळेच जोडे बसतात.

आठवडाभर कातडं आणि रविवारी दुपारी गाणी. आमच्या तरुणपणी कुणाच्या तरी अंगणात पोरंपोरी नाचायला जमायची. दारू नाही. लुलो नावाच्या आंबट फळाचं सरबत, म्हणून त्या जमण्यालाच ‘अग्वेलुलो’ म्हणायचे, लुलोचं पाणी. तिथे तबकड्या लावायचं काम दादाकडे. त्याचं टेबल भिंतीशी आणि कर्णा कायम त्याच्या डाव्या खांद्याला टेकलेला. बंदरावरचे खलाशी न्यूयॉर्कहून गाणी आणायचे. गाणी झकास, पण संथ. थंडीत कोट घालून नाचणाऱ्यांसाठी केलेली. आमचे पाय पेंगायचे. एका रविवारी दादाने मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची तबकडी लावली आणि कळ पंचेचाळीसवर ढकलली. गाणाऱ्याचा आवाज चिमणीसारखा झाला, ट्रम्पेट किंचाळायला लागली आणि सगळं अंगण उडायला लागलं. कालीत हे पहिल्यांदा कुणी केलं यावर अजून भांडणं होतात. आमच्या गल्लीत दादाने केलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते आणि माझ्या पायात त्यानेच कापलेले लाल जोडे होते.

पुढे जाणकार आले. ते म्हणाले, हा वाजवणाऱ्यांचा अपमान आहे, लेबलवर लिहिलेल्या वेगानेच लावायचं. बागेतल्या बैठकीने तसा नियमच केला. दादा म्हणाला, “त्यांचं खरं आहे.” आणि मोकळा झाला. घरीसुद्धा त्याने पुन्हा ती कळ हलवली नाही.

मग कान. कानाचं यंत्र मिळालं. माणसांच्या बोलण्याला ते बरं होतं, गाण्याला मात्र डबा खरवडल्यासारखं. आवाज वाढवला की शेजारी भिंत ठोकायचे. माझ्या मुलीने, मार्लेनीने, त्याला हेडफोन आणून दिला. दादा खूश झाला. ट्रम्पेट सापडली. पण त्याच्या सगळ्यात लाडक्या तबकडीतला पियानो गायब होता. ती फानोरकडून अदलाबदलीत आलेली. दादा तडक बैठकीला गेला आणि चारचौघांत म्हणाला, “फानोर, तू मला झिजलेली रेकॉर्ड दिलीस. यातला पियानोवाला कुठे गेला?”

फानोरने ती तिथेच लावली. दादाला नुसता गलका ऐकू येत होता. पण त्याने पाहिलं, समोर बसलेल्या सगळ्यांची बोटं मांडीवर पियानो वाजवत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन त्याने पेट्या मागवल्या.

मार्लेनी म्हणाली, “आई, हेडफोन आणि रेकॉर्ड प्लेअरच्या मधे एक डबा लावतात. अँप्लिफायर. हेडफोनला जोर येतो. मामाला यामिलेतकडे ने.”

यामिलेत म्हणजे हेर्मेसची मुलगी. हेर्मेस आमच्या वेळचे कर्णे दुरुस्त करायचा. त्याचं दुकान आता ती चालवते. शुक्रवारी सकाळी मी म्हटलं, चल. दादा म्हणाला, “दुपारी. कान थकू देत आधी.”

यामिलेतने आम्हाला बसवलं, कॉफी दिली आणि टेबलावर तीन डबे मांडले. एकावर काचेचे दिवे होते, तापले की नारिंगी व्हायचे. दुसरा काळा, वहीएवढा पातळ. तिसरा करडा, जड, कुरूप.

“डॉन आर्सेसिओ, तुमची रेकॉर्ड, तुमचा हेडफोन. फक्त मधला डबा बदलणार, ऐकलंत का?” ती म्हणाली.

पोरीने शेपूट तोडलं नाही. दादाने मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं.

“ऐकलं,” तो म्हणाला.

पहिला दिव्यांचा. दादाचा चेहरा खुलला. दुसरा लावला. “हा त्याहून भारी!” तिसरा लावला. “छे, हा मेलेला.”

“थांबा,” यामिलेत म्हणाली. “मोठा आवाज लबाड असतो. जो जरा जोरात वाजतो तोच चांगला वाटतो. दुकानदार असेच फसवतात.”

“तू दुकानदारच आहेस ना?”

“म्हणून तर ठाऊक आहे.”

तिने तिन्ही डब्यांमधून एकच फुसफुसणारा सूर सोडला, मीटर लावून तिघांचा आवाज अगदी सारखा केला आणि बटणांजवळ खुणेसाठी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. मग वरून टॉवेल टाकला. “आता दिवे बघायचे नाहीत. कानाने सांगा.”

तो सगळा वेळ दादा परीक्षेला बसल्यासारखा ताठ होता. पण त्याने काय सुरेख सांगितलं! दिव्यांचा डबा म्हणजे वापरून मऊ झालेलं कातडं. पातळ डबा म्हणजे नवा जोडा, शिवण अन् शिवण दिसते, पण टाचेला चावतो. तिसऱ्याबद्दल म्हणाला, “हा काहीच करत नाही. पायात आहे की नाही कळत नाही.”

“मग कुठला देऊ?”

दादाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “कुठलाच नको पोरी. तिन्ही चांगले आहेत. पियानो तिन्हीत नाही.”

तो खुर्चीच्या पाठीवरची टोपी शोधायला लागला. मला रविवार दिसला. रिकामी भिंत दिसली. मी म्हटलं, “दादा, माझ्यासाठी एकदा. शेवटचं.” आणि मी स्वतः हेडफोन उचलून त्याच्या डोक्यावर चढवला. यामिलेतने सुई ठेवली.

दादा दचकला. “पियानो!” तो एवढ्यांदा ओरडला की रस्त्यावरचा लॉटरीवाला आत डोकावला. “अलेइदा, पियानोवाला आला! पण... ट्रम्पेटवाला पळाला की.”

यामिलेतने त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. “काकू, तुम्ही उलटा घातलात हो! डावा उजवीकडे.”

मी ओशाळले आणि काढायला गेले. तिने माझा हात धरला. तिचं हसू थांबलं होतं.

“डॉन आर्सेसिओ, तुमचा डावा कान...”

“तो कधीच गेलाय. कर्ण्याने खाल्ला.”

“म्हणजे असं बघा. या जुन्या रेकॉर्डींत अर्धी माणसं डाव्या खोलीत बसवलीत, अर्धी उजव्या. कर्ण्यातून सगळ्यांचा आवाज हवेत मिसळतो. हेडफोनमध्ये मधलं दार बंद. तुमच्या डाव्या खोलीत पियानोवाला बिचारा रोज वाजवतोय आणि ऐकायला कुणी नाही.”

“मग दार उघड की!”

तिने हेडफोन सरळ घातला. करड्या कुरूप डब्याला मागे एक बटण होतं, डावीकडचं उजवीकडे मिसळणारं. तिने ते हळूहळू फिरवलं. दादाने डोळे मिटले. मग बोट वर केलं, थांब म्हणून. थोडं मागे. थोडं पुढे. शेजारच्या दुसऱ्या बटणाने सगळं उजवीकडे झुकवलं. उंच सुरांना किंचित धार दिली. मोहल्ल्यात नाचणाऱ्या बाईच्या पावलावर कातडं ओढून बघताना तो असाच डोळे मिटायचा, अंगठ्याने सांगायचा, इथे सैल, इथे घट्ट.

“सगळे आले,” तो म्हणाला. “ट्रम्पेट आहे. पियानो आहे. बरोबर वाजतंय.”

यामिलेतने माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र टेबलाखाली बघत होते. दादाचे पाय फरशीवर चपला काढून ठेवल्यासारखे पडलेले होते.

“याचे पाय हलत नाहीत,” मी म्हटलं.

“म्हातारं माणूस काकू, बसल्या बसल्या...”

“तुला माहीत नाही. हा झोपेतसुद्धा पाय हलवतो.”

मी उठले, पलीकडच्या रेकॉर्ड प्लेअरपाशी गेले आणि कळ पंचेचाळीसवर ढकलली.

“अहो काकू, पट्टी बिघडली! हे चुकीचं...” यामिलेत म्हणाली.

दादाने डोळे उघडले. आधी चोरी पकडली गेल्यासारखा माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याचा उजवा पाय हलला. टाच, चवडा, टाच. मग डावा. मग त्याने चमचा उचलला आणि कॉफीच्या कपावर घंटेचा ठेका धरला, थेट अग्वेलुलोतला. हेडफोनबाहेर आम्हाला चिमण्यांची बारीक चिवचिव तेवढी ऐकू येत होती. दारात लॉटरीवाला कंबर हलवत होता.

“हेच,” दादा म्हणाला. “हेच ते गाणं.”

“पण लेबलवर तेहतीस लिहिलंय,” यामिलेत पुटपुटली.

“माझ्या वहाणेचाही आकडा आतल्या बाजूला लिहिलेला असतो पोरी. मी पाय घालून बघतो.”

रविवारी फानोर गाडी घेऊन आला. पेट्या अंगणात तशाच होत्या, पण रिकाम्या. दादाने त्याला खुर्चीत बसवलं, हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि सुई ठेवली.

“अरे, हे पंचेचाळीसवर आहे!” फानोर म्हणाला. “आणि सगळं एकाच बाजूला कलंडलंय.”

“माझ्या कानांना असंच बसतं.”

फानोर ऐकत राहिला. गाणं संपेपर्यंत. मग त्याने हेडफोन काढला, कपाळाचा घाम पुसला. “पियानोवाला मजबूत आहे की रे तुझा. पेट्यांमध्ये काय भरायचं होतं म्हणालास? ऐकलंस का?”

“ऐकलं,” दादा म्हणाला. “आंबे ने.”

त्यानंतर कितीतरी वर्षं रोज दुपारी, कान थकल्यावर, तो त्या खुर्चीत बसायचा. कातड्यावर खुणा करायच्या चंदेरी पेनने त्याने प्रत्येक बटणाशी एक बारीक रेघ ओढून ठेवली होती.

आता तबकड्या फानोरच्या बैठकीकडे आहेत, दादाने सांगून ठेवल्याप्रमाणे. तिथे सगळं लेबलच्या वेगाने वाजतं. एका तबकडीची एक बाजू सोडून, ती पंचेचाळीसवर. ती लागली की म्हातारी माणसं नाचायला खुर्च्या मागे सारतात.

करडा डबा माझ्याकडे राहिला, आणि ती पियानोवाल्याची तबकडी. दुपारी भांडी झाली की मी हेडफोन लावते. माझे दोन्ही कान अजून धड आहेत, त्यामुळे सगळी वाद्यं उजव्या खांद्यावर चढून बसतात आणि डावीकडे शांतता असते. कडेला उंच सूर जरा टोचतात. परवा मार्लेनीने एक कान लावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“आई, हे मामाच्या कानांचं आहे. बटणं मधे आण. तुझे कान चांगले आहेत, ऐकलंस का?”

“ऐकलं,” मी म्हटलं, आणि बटणांना हात लावला नाही.